थंडीत बसण्यासाठी घेतलेली घोंगडी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोली गावच्या मागावर विणलेली एक घोंगडी गेले काही हिवाळे माझ्या वापरात आहे, आणि निव्वळ पांघरूण म्हणून मी तिला मध्यमच गुण देईन. उबेच्या बाबतीत बाजारातला एखादा जाड रग तिच्या बरोबरीला येतो, मऊपणात तर तो तिला सहज मागे टाकतो आणि किमतीतही स्वस्त पडतो. तरीही घरातले इतर कोणतेही उबदार कापड कुणाला द्यावे लागले तर मी देईन, ही घोंगडी मात्र देणार नाही, कारण तिचा खरा उपयोग झोपण्यासाठी नसून पहाटेच्या थंडीत जागेपणी बसून राहण्यासाठी आहे. कोल्हापूरचा हिवाळा ज्याला पाहायचा आहे त्याला असे बसून राहण्यावाचून दुसरा मार्ग नाही, असे माझे मत या घोंगडीने पक्के केले आहे.

याचे कारण आपल्याकडच्या थंडीच्या स्वभावात आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, सह्याद्रीच्या रांगा जवळ आहेत, आणि उत्तरेकडून येणारे गार वारे विदर्भ-खानदेशात आपले काम उरकून आमच्यापर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांच्यात फारसा जोर उरलेला नसतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारणपणे १४-१५ अंशांच्या आसपास राहते, एखाद्या आठवड्यात ते त्याहून तीन-चार अंशांनी उतरते, आणि त्याच दिवशी दुपारी पारा पुन्हा २८-३० अंशांवर जाऊन बसतो. म्हणजे थंडीचा खरा अंमल पहाटे चारपासून सकाळी आठपर्यंतच असतो, आणि नेमक्या त्या वेळेत बहुतेक शहर वाकळेखाली असते. दहाच्या उन्हात दुचाकीवरून कामाला निघालेला माणूस ‘यंदा थंडीच नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याची आणि थंडीची वेळच जुळलेली नसते.

स्वेटर आणि कानटोपी घालून रंकाळा तलावाभोवती झपाझप चालणाऱ्यांना थंडी भेटते असे वाटेल, पण चालणारा माणूस दहा मिनिटांत स्वतःची उष्णता तयार करतो आणि पुढचा सारा वेळ तो स्वतःच्या श्वासातच असतो. थंडी कळायला शरीर स्थिर लागते. मात्र स्थिर शरीराला पहाटेच्या गच्चीवर पाऊण तास बसायचे असेल तर त्याला असे काहीतरी लागते, जे वाऱ्याला अडवील, दंवाने भिजणार नाही, अंगावरून घसरणार नाही आणि ज्याच्यात हात-पाय-डोके सगळे आवरून घेता येईल. ही सगळी कामे धनगरांसाठी शतकानुशतके एकाच वस्तूने केली आहेत, तेही उघड्या माळावर, मेंढरांच्या राखणीला रात्र-रात्र बसून.

घोंगडीच्या गुणांचे मूळ दख्खनी मेंढीच्या लोकरीत आहे. ही लोकर भरड असते. तिच्यात मऊ तंतूंबरोबर केसासारखे जाड आणि आतून पोकळ तंतूही बरेच असतात. कापडाच्या गिरण्यांना हा दोष वाटतो, पण माळावर बसणाऱ्याला तोच गुण ठरतो, कारण हे राठ तंतू एकमेकांना चिकटून सपाट होत नाहीत आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा जागच्या जागी राहते. लोकरीचा दुसरा गुण त्याहून विलक्षण आहे. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषून घेते, तरीही हाताला ओली लागत नाही, आणि ती वाफ शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. म्हणून पहाटेची हवा दमट होत जाते तसा कृत्रिम धाग्याचा रग गारठत आणि चिकट होत जातो, तर घोंगडी त्याच हवेत उलट सुखाची वाटू लागते. एकाच गच्चीवर दोन्ही वापरून पाहिल्यावर हा फरक मला सर्वांत ठळकपणे जाणवला, आणि खोलीत झोपून तो कधीच कळला नसता.

मेंढ्यांची कातरणी वर्षातून दोनदा होते. कातरलेली लोकर पिंजून तिचे सूत बहुधा धनगरांच्या घरातल्या बायका चरख्यावर काढतात आणि विणण्याचे काम सनगर समाजातले विणकर खड्ड्याच्या मागावर करतात. ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवण्यापूर्वी त्याला चिंचोक्यांची खळ द्यावी लागते. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने सुतावर ओढली की भरड धाग्याचे सुटलेले केस बसतात आणि ताणा विणताना तुटत नाही. नव्या घोंगडीला जो ताठरपणा असतो तो या खळीचा. माझी घोंगडी हाती देताना विणकर म्हणाले होते, “पयलं वरीस टोचतंय बघा ताई, मग ती तुमच्या अंगाची हुती.” पहिल्या वर्षाबद्दल त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे निघाले. दुसऱ्या हिवाळ्यात खळ उतरून तिचे वळण मोकळे झाले, खांद्यावरून ओढली की ती आता आपणहून पडायची तशी पडते, परंतु उघड्या मानेला ती आजही बोचते आणि आतून सुती पंचा किंवा जुने धोतर घेतल्याशिवाय मी ती वापरत नाही.

रंग मेंढीचाच आहे. काळ्या घोंगडीत जवळून पाहिले तर तपकिरी, करडे आणि तांबूस असे अनेक धागे दिसतात आणि त्यांत एकसारखेपणा शोधू नये. कडा साध्या आहेत, दशा हाताने वळलेल्या आहेत, वीण काही ठिकाणी दाट तर काही ठिकाणी किंचित विरळ आहे. वजन अडीच किलोच्या आसपास भरेल. हे वजन मला फार महत्त्वाचे वाटते, कारण खांद्यांवर एवढे ओझे आले की माणूस विनाकारण उठत नाही. शिवाय दोन्ही हात आत गुंडाळलेले असल्याने मोबाईल चाळता येत नाही. विणकरांनी हा उपयोग मनात धरला नसणार, पण आजच्या काळात या वस्तूच्या बाजूने करण्यासारखा तो कदाचित सर्वांत जोरकस युक्तिवाद आहे.

माझे घर फुलेवाडीच्या बाजूला, शहराच्या पश्चिम अंगाला आहे. गच्चीच्या एका बाजूला शहराच्या इमारती आणि पाण्याच्या टाक्या, तर दुसऱ्या बाजूला बालिंग्याकडे पसरत गेलेली उसाची शेते दिसतात. पहिल्या हिवाळ्यातल्या सुरुवातीच्या पहाटा नुसत्या थंडीत गेल्या. अंगाला गार लागते यापलीकडे सांगण्यासारखे काहीच हाती लागले नाही. मग हळूहळू, त्याच जागी त्याच वेळी बसल्यामुळे, एका पहाटेचा दुसऱ्या पहाटेशी फरक दिसू लागला.

सर्वांत आधी लक्षात आले ते दंव. आकाश निरभ्र असलेल्या पहाटे घोंगडीच्या बाहेर डोकावणाऱ्या प्रत्येक केसाच्या टोकावर पाण्याचा बारीक मणी बसलेला असतो आणि आतली बाजू पूर्ण कोरडी असते. शेजारच्या घरावरून आलेल्या आंब्याच्या फांदीखाली सरकून बसले तर मात्र तेवढेच दंव पडत नाही. कारण सोपे आहे: मोकळ्या आकाशाकडे तोंड केलेली प्रत्येक वस्तू रात्रभर आपली उष्णता वर सोडून देते आणि हवेपेक्षाही गार होते, मग हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते, फांदीने किंवा ढगाने आकाश झाकले की हे सोडणे मंदावते. बंगालच्या उपसागरात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एखादे वादळ उठले की आमच्याकडे ढग येतात आणि थंडी एका रात्रीत पळते, त्याचेही कारण निम्मे याच हिशेबात आहे. हरभऱ्याच्या शेतात रात्री फडके पसरून सकाळी ते पिळून आंब गोळा करणारे शेतकरी याच दंवाचा उपयोग जाणतात; हरभऱ्याच्या पानांवरची आम्लता त्या पाण्यात उतरलेली असते. मी हे सारे शाळेत वाचले असणारच, पण स्वतःच्या गुडघ्यावर ते मणी पाहीपर्यंत त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असे कधी वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट थंडीच्या वेळेची. मध्यरात्र सर्वांत गार असते अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे, परंतु घोंगडीत बसलेल्या माणसाला कळते की थंडी सूर्य उगवेपर्यंत वाढतच जाते आणि सूर्याची कड दिसल्यानंतरही काही मिनिटे ती हटत नाही, उलट तेव्हाच ती नाकाच्या शेंड्याला सर्वांत जास्त झोंबते. जमिनीने रात्रभर गमावलेल्या उष्णतेचा तोटा कोवळे ऊन लगेच भरून काढू शकत नाही. उजेड आला म्हणजे ऊब आली असे होत नाही, हा थोडासा उशीर अंगावर घेण्यासाठी तरी एकदा बाहेर बसावे.

आणि मग धूर. डिसेंबरमध्ये बालिंग्याच्या बाजूची गुऱ्हाळे पेटलेली असतात. पूर्वीपेक्षा त्यांची संख्या बरीच कमी झाली असली तरी हंगामात पहाटेच्या हवेत काहिलीतल्या उकळत्या रसाचा गोडसर, किंचित करपट वास अजून येतो. चुलवाणात चिपाडे पडली की धुराचा लोट सरळ वर चढतो, आणि मग एका ठराविक उंचीवर, जणू अदृश्य छताला टेकल्यासारखा, आडवा पसरू लागतो. तो उसावरून सपाट पट्टा होऊन तासभर तसाच राहतो. रात्री जमीन गार झाल्याने जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड आणि जड झालेली असते, त्यामुळे धुराला त्या थरापलीकडे चढता येत नाही. ऊन तापू लागले की जमिनीजवळची हवा हलकी होऊन वर जाते, छत मोडते आणि धूर पुन्हा नेहमीसारखा विखरून जातो. याच थरामुळे दूरचे आवाजही जवळ येतात. शाहू महाराज टर्मिनसवरच्या गाडीचा भोंगा उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर ऐकू येत नाही, थंडीत मात्र तो स्पष्ट ऐकू येतो, कारण वरची उबदार हवा आवाजाला वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवते. थंडीत पहाट शांत असते म्हणून आवाज ऐकू येतात असे मी समजत होते; त्या शांततेच्या जोडीला हवेचे हे छतही काम करत असते.

उसाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नोव्हेंबरच्या मध्यापासून काही फडांना तुरे येतात. शेतकऱ्याला ते आवडत नाहीत, कारण तुरा आला की उसाची वाढ थांबते, आणि त्याची ही नाराजी अगदी योग्य आहे. परंतु दंवाने जड झालेले, पहिल्या उन्हात रुपेरी दिसणारे ते तुरे पाहताना नुकसान आणि सौंदर्य एकाच वस्तूत असू शकते, हे मान्य करण्याशिवाय गत्यंतर नसते. फडाच्या मालकाला हे ऐकवण्याचे धाडस मी करणार नाही.

खरा अभ्यास मात्र सूर्याचा झाला. गच्चीवरून पूर्वेला दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्यांच्या रांगेवर सूर्योदयाची जागा रोज थोडी दक्षिणेकडे सरकते, हे नोव्हेंबरमध्ये सहज कळते. डिसेंबरच्या मध्यानंतर हे सरकणे इतके मंदावते की आठवडाभर सूर्य एकाच टाकीमागून उगवतो असे वाटते. २१-२२ डिसेंबरला सर्वांत लहान दिवस येतो. कोल्हापुरात तो ११ तास आणि सुमारे ८ मिनिटांचा असतो. त्यानंतर दिवस मोठा होऊ लागतो म्हणून सकाळ लवकर होईल अशी माझी अपेक्षा होती, पण तसे होत नाही. डिसेंबरच्या त्या लहान दिवशी सातला दोन-तीन मिनिटे कमी असताना उगवणारा सूर्य जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सात वाजून पाच-सहा मिनिटांनी उगवतो. संध्याकाळचे गणित याच्या उलट आहे: वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरच्या दिवसांत, सहाच्या थोडा आधी होऊन जातो आणि डिसेंबर संपेपर्यंत संध्याकाळ मोठी होऊ लागलेली असते. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही, जानेवारीच्या आरंभी ती सूर्याला सर्वांत जवळ असते आणि वेगाने धावते, यामुळे सूर्याची दुपार, म्हणजे तो माथ्यावर येण्याची वेळ, आपल्या घड्याळाच्या दुपारपासून पुढेमागे सरकते आणि तिच्याबरोबर उगवणे-मावळणेही सरकते. संक्रांतीला तिळगूळ वाटताना दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो ते खरेच आहे. फक्त ती वाढ त्या वेळी संध्याकाळच्या पदरात पडत असते, पहाट अजून काळोखातच असते.

या सूर्याच्या हिशेबाला कोल्हापूरने स्वतःचे एक मोजमाप दिले आहे, आणि ते माझ्या लक्षात गच्चीवर बसू लागल्यानंतर आले. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो: ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. ढग, धुरकटपणा किंवा वाटेतले अडथळे यांमुळे कधी सोहळा पूर्ण होतो, कधी अपुरा राहतो. तारखा जवळ ठेवून मोजले तर दिसते की १० नोव्हेंबर हा सर्वांत लहान दिवसाच्या ४१ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी ४२ दिवस नंतर. म्हणजे दोन्ही वेळी सूर्य आकाशात एकाच जागी मावळत असतो, एकदा दक्षिणेकडे जाताना आणि एकदा परतताना, आणि या दोन किरणोत्सवांच्या मधोमध कोल्हापूरचा सगळा हिवाळा बसवलेला आहे. हे मंदिर ज्यांनी उभारले त्यांना हा मार्ग पुरता माहीत असणार, आणि तो माहीत होण्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षे एका जागी बसून संध्याकाळ पाहिली असणार. गर्दीत उभे राहून किरणे चरणांवर पडताना पाहणे वेगळे, आणि त्याआधी पावणेतीन महिने सूर्य कुठे जाऊन परतला हे स्वतः पाहिलेले असणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या दर्शनात मला जास्त समाधान मिळते.

पूर्वीच्या माणसांना अशा पहाटे जागे राहण्यासाठी निमित्ते होती. कार्तिकातली काकड आरती आणि धनुर्मासातले सूर्योदयाबरोबरचे जेवण, म्हणजे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि वांग्याचे भरीत, या दोन्ही प्रथा माणसाला दिवसातल्या सर्वांत गार तासाला अंथरुणाबाहेर काढतात. त्यांचे धार्मिक प्रयोजन मी नाकारत नाही, परंतु ऋतू अंगाला लागावा ही व्यवस्थाही त्यांत आहे असे मला वाटते. आमच्या घरी सासूबाईंच्या काळात धनुर्मास नेमाने होत असे. आता तो होत नाही, आणि त्याची जागा काही अंशी या घोंगडीने घेतली आहे, हे त्यांना फारसे रुचले नसते.

पक्षी आणि झाडे यांच्याविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण त्यासाठी घोंगडीपेक्षा दुर्बीण अधिक उपयोगी आहे. धोबी पक्षी शेपूट हलवत गच्चीच्या कठड्यावर येतो, शाळू दाण्यात आला की भोरड्यांचे थवे दिसू लागतात, डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत रस्त्यावर बुचाच्या फुलांचा पांढरा सडा असतो आणि जानेवारीत आंब्याला मोहोर येतो. रंकाळ्यावर वाफ उठते ती पाणी हवेपेक्षा उबदार राहिल्याने. तिथे घोंगडी घेऊन बसण्याची सोय आहे, पण फिरायला आलेले ओळखीचे लोक तब्येतीची चौकशी करून बसू देत नाहीत.

आता दोष. पहिला दोष टोचण्याचा, तो वर आलाच आहे. ज्यांची त्वचा नाजूक आहे किंवा ज्यांना लोकरीचे वावडे आहे त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. दुसरा वासाचा. दंवाने किंवा पावसाने ओलसर झाली की तिला मेंढराचा स्पष्ट वास येतो, आणि तो घरातल्या सर्वांना सारखाच प्रिय वाटेल अशी अपेक्षा करता येत नाही. आमच्याकडे तिला बैठकीच्या खोलीत येण्याची परवानगी नाही. तिसरा, पहिले काही महिने ती केस सोडते आणि गडद कपड्यांवर ते राहतात. चौथा आणि खरा गंभीर दोष म्हणजे कसर, लोकर खाणारी कीड. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ती नुसती घडी करून कपाटात ठेवली तर कसर लागून तिला भोके पडतात. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, झाडून, कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबरगोळ्या घालून सुती कापडात बांधून ठेवावी लागते आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की पुन्हा एकदा काढून पाहावी लागते. धुण्याचे यंत्र तिच्यासाठी वर्ज्य आहे. रिठ्याच्या गार पाण्यात दाबून धुवावी, पिळू नये, आणि त्यानंतर ते भिजत घोंगडे उचलण्यासाठी दोन माणसे आणि वाळण्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत. मी वर्षातून एकदाच, होळीच्या सुमारास ती धुते.

तुलनेसाठी इतर वस्तूंचाही विचार करावा. सोलापुरी चादर सुती असल्याने हलकी आणि सुखद आहे, पण ती पहाटेच्या वाऱ्याला थोपवत नाही. घरची वाकळ ऊब देते, मात्र दंव लगेच पिते आणि मग दिवसभर वाळत नाही. हिवाळ्यात फिरत्या विक्रेत्यांकडे मिळणारे स्वेटर कामावर जाण्यासाठी उत्तम आहेत. बसण्यासाठी त्यांत पाय मोकळे राहतात, आणि थंडी माणसाला पायांकडूनच उठवते. तेव्हा ज्याला फक्त झोपायचे आहे त्याने चांगला रग घ्यावा, ज्याला फिरायचे आहे त्याने स्वेटर घ्यावा, आणि बाहेर बसायचे असेल तरच घोंगडीचा विचार करावा.

किंमत मी घेतली तेव्हा अडीच हजारांच्या आत होती. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, जावळाची घोंगडी बरीच मऊ असते आणि बरीच महागही. बोचण्याची भीती असेल आणि ऐपत असेल तर तीच घ्यावी. साध्या घोंगडीलाही ही किंमत जास्त वाटू शकते, परंतु कातरणी, पिंजण, कताई, खळ आणि विणकाम एवढी कामे जिच्यात हातांनी झालेली आहेत तिच्यासाठी ही रक्कम मला कमीच वाटते, आणि हे काम करणारे माग झपाट्याने घटत आहेत यामागे आपली हीच घासाघीस आहे. बाजारात गिरणीच्या सुताच्या, मिश्र धाग्याच्या घोंगड्याही याच नावाने विकल्या जातात. त्यांचा रंग पूर्ण एकसारखा असतो आणि वीण संशय यावा इतकी सफाईदार असते. शंका असेल तर दशांमधला एखादा धागा मागून घेऊन जाळून पाहावा: लोकर केस जळल्यासारखा वास देऊन चुरगळणारी राख सोडते, कृत्रिम धागा वितळून कडक गोळी होतो.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा ऑक्टोबरच्या सुमारास भरते आणि भंडाऱ्याने सारे गाव पिवळे होते. घोंगडी पाहण्यासाठी ती वेळ चांगली आहे, घेण्यासाठी मात्र नाही, कारण गर्दीत ती उलगडून, उजेडात धरून, वजन करून पाहता येत नाही. यात्रा उलटल्यावर एखाद्या साध्या दिवशी विणकराच्या घरी जावे, माग चालू असेल तर थोडा वेळ बसावे आणि शक्य असल्यास आगाऊ सांगून करून घ्यावी. करून घेताना हे मुद्दाम सांगावे की ती बसण्यासाठी हवी आहे. म्हणजे नेहमीपेक्षा थोडी रुंद विणून मिळते, मांडी घातल्यावर गुडघे आणि पावले दोन्ही आत राहतात, आणि लांबी अर्धा हात कमी झाली तरी काही बिघडत नाही.